डावा कौल

देवळासमोर तीनेकशे माणूस बसलं होतं आणि कुणी खोकतदेखील नव्हतं. सगळ्यांची नजर सिदोबाच्या छातीवर. काळ्या पाषाणावर कण्हेरीच्या दोन लाल पाकळ्या चिकटवल्या होत्या, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. वैशाखाचं ऊन फरशीतून वर येत होतं. ओढ्याच्या अंगानं धुराचा वास येत होता. सकाळी पेटवलेली चिता अजून विझली नव्हती.

"देवा, कोंडीबाच्या घराला सुई दिऊ का नगं?" नाथाजी भगतानं विचारलं. "तुझा हुकूम म्हंजी फायनल आर्डर. तू वरचा कमांडर, मी आपला बिगुल."

गरम वाऱ्याची झुळूक आत आली. डावी पाकळी कडेनं सुटली, थरथरली आणि देवाच्या पायाशी पडली.

"डावा," गर्दी हलक्या आवाजात म्हणाली.

कोंडीबा उठला. त्याच्या बायकोच्या मांडीवर तान्हं पोर होतं. त्यानं देवाला हात जोडले, बायकोला खूण केली आणि दोघं गर्दीतून वाट काढत निघून गेली. भांडण नाही, शिवीगाळ नाही, रडणंसुद्धा नाही. ते पाहून मला हायसं वाटलं. ही गोष्ट मी आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझा वाटा आहे.

साल १९४४. मी लस टोचणारा सरकारी नोकर. डॉक्टर नव्हे, पण खेड्यात पेटी घेऊन आलेला प्रत्येक माणूस डाक्टरसाहेबच असतो. आष्ट्याच्या पलीकडे, कृष्णेपासून तीन मैल आत असलेल्या नागझरवाडीत पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, लागली होती. मी पोचायच्या आधी नऊ माणसं गेली होती. दारांना कडुनिंबाचे डहाळे बांधले होते आणि भर दुपारीही दारं लावलेली होती. लढाईमुळं औषधांची सगळीकडे टंचाई. माझ्या पेटीत दहा-दहा जणांना पुरतील अशा लशीच्या चार बाटल्या होत्या. म्हणजे चाळीस माणसं. वाडीत घरं एकशेदहा.

पहिल्या दिवशी चावडीवर बैठक बसली. पोलीस पाटील लालासाहेब भला माणूस, पण कुणाला नाही म्हणायचं तर त्याच्या कपाळाला घाम फुटायचा.

"पोरास्नी आधी द्या," एकजण म्हणाला.

"कुणाच्या पोरास्नी? समद्या गावाला पोरं हायती."

"ज्यांची माणसं लढाईवर हायती त्यांच्या घरास्नी द्या," दुसरा म्हणाला.

"ज्याची जमीन जास्त त्याचं घर जगलं तर धा घरं जगत्याल," असं बागायतदार बाळासो म्हणाला आणि त्याच्यावर दोघं धावून गेले.

माझ्या मनात एक हिशोब तयार होता. आजाऱ्यांची घाण काढणारी, पाणी भरणारी, प्रेतं उचलणारी माणसं आधी. त्यांच्यामागून अंगावर पाजणाऱ्या बाया. मग लहान पोरं. पण तो हिशोब बोलून दाखवला असता तर सत्तर घरांच्या दारात जाऊन 'तुम्हाला नाही' असं मलाच सांगावं लागलं असतं. मी पेटीच्या कडीशी चाळा करत गप्प बसलो. लालासाहेबही गप्प बसला. आमच्या त्या गप्प बसण्यात नाथाजी भगत पाऊल टाकून आत आला.

नाथाजी चाळिशीचा. खांद्यापर्यंत केस, कपाळभर भंडारा. पलटणीत कुठंतरी खानसाम्याच्या हाताखाली होता म्हणत. "माणसानं माणसाचा निवाडा करू ने," तो म्हणाला. "आज तुमी एकाला न्हाई म्हणशिला, उद्या तेचं पोरगं मेलं तर पिढ्यान्‌पिढ्या वैर. सिदोबाला इचारा. देवासंगं कोण भांडतंय?"

चावडीवर जो सुस्कारा पडला त्यात माझाही होता. प्रत्येक घरासाठी एक कौल, उजवा आला तर त्या घरातल्या एकाला सुई. महारवाड्यासाठी कौल लावायचाच नाही, असं बोलण्याच्या ओघात ठरून गेलं. कुणी ठरवलं ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

दोन दिवस कौल चालला. प्रत्येक वेळी नाथाजी पंचपात्रीत पाकळ्या बुडवायचा, नैवेद्याच्या वाटीला बोट लावून देवाच्या ओठाला लावल्यासारखं करायचा, पाकळ्या चिकटवायचा आणि दोन पावलं मागं सरायचा. देवाला तो नंतर हातही लावत नसे, आणि नेमकं तेच बघून लोक थक्क व्हायचे. तिसाव्या उजव्या कौलानंतर त्याच्या अंगात आलं. "धा जणांची बाटली देवानं मागं ठिवलीया," तो घुमत म्हणाला. "ज्येची भक्ती दिसंल त्येला मिळंल." दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या ओवरीत ज्वारीची गाठोडी, तुपाच्या लोट्या, कोंबड्या येऊ लागल्या. रेशनच्या त्या दिवसांत लोक स्वतःच्या ताटातला घास उचलून तिथं नेऊन ठेवत होते.

तीन बाटल्या टोचून झाल्या होत्या; चौथी मी चावडीत ओल्या वाळूच्या मडक्यात पुरून ठेवली होती. तिच्याकडं बघायचं मी टाळायचो.

डावा कौल मिळालेल्यांत कुतुबुद्दीन पिंजारी होता. कापूस पिंजून गाद्या, रजया भरून देणारा शांत माणूस. बायको अकिला, सहा वर्षांची शबाना आणि एक तान्हं. पहाटेपासून त्याच्या पिंजणाच्या तातीचा टणत्कार वाडीभर ऐकू यायचा. कौलानंतर तो माझ्याकडं आला.

"डाक्टरसाहेब, देवाचं म्हणणं मला मंजूर हाय. तुमचं काय म्हणणं?"

"कौल लागला ना," मी म्हणालो.

तो तसाच मागं फिरला.

खरं तर लशीपेक्षा मोठी गोष्ट विहिरीत होती. वाडीच्या दोन विहिरी आटल्या होत्या. उरली ती देवळामागची एकच, आणि सगळं गाव तिच्यावर. तिच्यात लाल औषध टाकलं तर पाणी दोनतीन दिवस जांभळट दिसतं, पण रोगाचं बी मरतं. औषधाचा डबा माझ्याकडं भरपूर होता. यात निवड करायची नव्हती, सगळ्यांनाच पुरणार होतं. मी लालासाहेबाला म्हणालो, आजच टाकू.

नाथाजीनं ते ऐकलं. "ह्या हिरीचं पाणी देवाचं तीर्थ. त्यात रगतासारखं औषद टाकायचं तर देवाला इचारायला नगं?"

कौल लावला. डावी पाकळी पडली.

मी म्हणालो, "हे चुकीचं आहे. यानं माणसं मरतील."

"असं कसं, डाक्टरसाहेब?" बाळासोनं विचारलं. "सुईच्या येळंला देव खरा, आन् आता खोटा?"

पहिला कौल मी मानला होता, कारण तो माझ्या सोयीचा होता. दुसरा नाकारायला मला तोंडच उरलं नव्हतं. डबा तसाच बंद राहिला आणि बायका त्याच विहिरीवर घागरी बुडवत राहिल्या.

पुढच्या पाच दिवसांत सात माणसं गेली. ओढ्याकाठचा धूर आता विझेनासा झाला. कुत्री भुंकायची थांबली होती. लोक एकमेकांच्या दारावरून जाताना पावलं उचलून भराभर जात. कुणाच्या घरी ओकारीचा आवाज आला की शेजारी आपली कडी आतून घालून घेई. सहाव्या दिवशी उजाडलं तरी पिंजणाचा आवाज आला नाही.

मी धावत गेलो. शबानाचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी म्हाताऱ्या बाईसारखी सुरकुतलेली. पायात गोळे आले की ती ओरडायला तोंड उघडायची, पण आवाज निघत नव्हता. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत मी दुपारपर्यंत बसलो. सूर्य डोक्यावरून कलायच्या आत ती गेली. अकिला तिची कुंची घट्ट धरून बसली होती. कुतुबुद्दीननं भिंतीवरचं पिंजण उतरवून कोपऱ्यात ठेवलं आणि लेकीला न्यायच्या तयारीला लागला.

लस टोचली असती तर ती वाचलीच असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पण तिला ती का मिळाली नाही, या प्रश्नाला माझ्याकडं एका पाकळीपलीकडं काहीही उत्तर नव्हतं.

परतताना देवळाच्या पायरीवर साळूबाई बसली होती. गुरवाची विधवा; पहाटे देवाला आंघोळ घालायची, गाभारा झाडायची. तिनं मला हाक मारून आत नेलं.

"देवाच्या अंगाला बोट लावून बघा."

मी मागं सरलो.

"लावा वो. म्या रोज धुती त्येला."

मी देवाच्या छातीच्या डाव्या अंगाला बोट लावलं. चिकट. उजव्या अंगाला लावलं, कोरडा दगड. डाव्या बाजूनं मुंग्यांची ओळ वर चढत होती.

"आज सकाळच्याला तुमी पिंजाऱ्याकडं हुता, तवा मागं ठिवलेल्या बाटलीसाठनं बाळासोच्या भावाला उजवा कौल मिळाला," साळूबाई म्हणाली. "म्हंजी उजवी पाकळी पडली, डावी ऱ्हायली. मुंग्या डावीकडं. हिरीचा कौल लागला त्या दिशी डावी पडली हुती. तवा मुंग्या उजवीकडं हुत्या. नैवेदाच्या वाटीत काकवी असती, डाक्टरसाहेब. त्येचा आंगठा वाटीत जातो. जी पाकळी ऱ्हायला पायजे तिला काकवी, जी पडाय पायजे तिला नुसतं पाणी. पाणी वाऱ्यानं वाळतंय. काकवी वाळंल तशी धरती."

उसाच्या मुलुखात काकवी घरोघर. देवाच्या नैवेद्यात ती दिसली तर कुणाला काय वाटणार?

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हिरीच्या कौलापास्नं." तिनं पदर तोंडाशी धरला. "माझ्या सुनंला पयल्याच दिशी उजवा मिळाला. माझा ल्योक लढाईवर. म्हटलं, तोंड उघडलं आन् गावानं आमालाच धरलं तर? गप ऱ्हायली म्या. आज ती पिंजाऱ्याची पोर गेली. हितं खेळायला यायची, फुलं येचायला."

तीही गप्प राहिली होती, मीही. फरक एवढाच की तिनं आधी तोंड उघडलं.

लालासाहेबाकडं गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "खरं असंल," तो म्हणाला. "पर देव काढून घेतला तर लोक माझ्या दारात येत्याल. ती धा जणांची बाटली कुणाला द्यायची ती मलाच इचारत्याल."

"हो. मलाही विचारतील."

"मग?"

"मग सांगावं लागेल."

मग त्यानं पागोटं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळासमोर जमलं. नाथाजी पाकळ्या घेऊन पुढं झाला तसा लालासाहेब उठला. त्याच्या हातात गरम पाण्याची कासांडी होती.

"नाथाजी, आधी हात धू. राखंनं."

नाथाजी हसला. "पाटील, देवाच्या भगताचा हात इटाळत न्हाई. आर्डर मोडली तर कमांडर कोपंल."

"कोपला तर माझ्यावर कोपू दे. हात धू."

गर्दीत कुजबुज झाली. नाथाजीनं हात धुतले नाहीत. तेवढ्यावरच पुढच्या रांगेतल्या काही बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग साळूबाई पुढं आली. तिनं देवाला गरम पाण्यानं धुऊन, पुसून काढलं, सगळ्यांसमोर हात धुतले आणि दोन पाकळ्या नुसत्या पाण्यानं चिकटवल्या.

"देवा," मी मोठ्यानं विचारलं, "या गावचे पाटील लालासाहेबच ना?"

डावी पाकळी पडली.

कुणीतरी मागं फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. पुन्हा पाकळ्या लावल्या, तोच प्रश्न विचारला. या वेळी उजवी पडली. तिसऱ्यांदा दोन्ही एकदमच पडल्या. लोक आता उभे राहून बघत होते.

मग मी नैवेद्याची वाटी उचलली, सगळ्यांना दिसेल असा अंगठा काकवीत बुडवला आणि डाव्या पाकळीला लावला. उजवीला पाणी. "देवा, लालासाहेब पाटील म्हणजे म्हैस आहे का?"

आम्ही वाट बघत राहिलो. वाऱ्यानं उजवी वाळली, सुटली, पडली. डावी जागची हलली नाही.

"उजवा कौल," मी म्हणालो. "देव हो म्हणतोय. पाटील म्हैस आहे. आता विहिरीच्या कौलाचं काय करायचं ते तुम्ही सांगा."

या वेळी कुणी हसलं नाही. ज्यांच्या घरची माणसं त्या पाच दिवसांत गेली होती, ती हळूहळू नाथाजीच्या दिशेनं सरकू लागली. एकाच्या हातात काठी होती. मी त्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि पटकीपेक्षा मला त्यांची भीती वाटली. लालासाहेब मधे आडवा झाला.

नाथाजी खांबाला पाठ लावून उभा होता. त्याचा बिगुल बंद झाला होता; आवाज साधा, कोरडा निघाला. "मारा. पर येक सांगा. तुमाला कुणाला खरंच देव पायजे हुता? शेजाऱ्याच्या तोंडावर न्हाई म्हणायची हिंमत कुणात न्हवती. ती मी दावली. तुमच्या वाटचं 'न्हाई' मी म्हटलं, आन् तेचा शिधा खाल्ला."

काठीवाला थांबला. नाथाजीनं लबाडी केली होती, माणसं मरू दिली होती; विहिरीला औषध लागून रोग हटला असता तर त्याच्या ओवरीत कोण आलं असतं? त्याचा तो गुन्हा कमी होत नाही. पण त्याचं हे वाक्य खोटं होतं, असं आमच्यापैकी कुणालाही म्हणता आलं नाही. दोन माणसांच्या पहाऱ्यात त्याला चावडीत बसवलं आणि पुढं आष्ट्याला फौजदाराच्या हवाली केलं.

आता लोक आमच्याकडं वळले. "मग धा जणांचं काय? तुमीच सांगा."

तेव्हा मागून कुतुबुद्दीन आला. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्याच्याकडं बघायची कुणाची छाती नव्हती. तो म्हणाला, "सुई कुणाला बी द्या. आधी त्या हिरीत औषद टाका. तेला कुणाची निवड करायला लागत न्हाई."

इतकं सोपं होतं ते. आम्ही सगळे उठून विहिरीवर गेलो आणि मी डबा उघडला. घागरी बाजूला ठेवून बायका जांभळं होत जाणारं पाणी बघत राहिल्या. उकळल्याशिवाय थेंबही प्यायचा नाही, आजाऱ्याचे कपडे विहिरीजवळ आणायचे नाहीत, हे साळूबाईनं माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात दहादा सांगितलं.

मग उरला तो अवघड भाग. विहिरीच्या कट्ट्यावर बसून, सगळ्यांच्या देखत, दहा नावं ठरवली. माझा गिळून टाकलेला हिशोब मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. महारवाड्यातले चौघे प्रेतं उचलत होते, ते आधी. गर्दीत गुरगुर झाली. लालासाहेबानं विचारलं, "ते चार आडवं झालं तर उद्या तुमचं मढं कोण उचलणार? सांगा, त्याचं नाव लिवतो." कुणी नाव दिलं नाही. मग अकिला, कारण तिच्या घरात रोग शिरला होता आणि तिच्या अंगावर तान्हं होतं. मग आणखी दोन पाजणाऱ्या बाया, त्यात कोंडीबाची बायको. मग आजाऱ्यांच्या घरातली तीन पोरं.

ही नावं बरोबरच होती असं मी आजही म्हणत नाही. त्यातली दोन मी आज कदाचित वेगळी लिहीन. दहा नावं लिहिली म्हणजे शेकडो राहिली, आणि राहिलेल्यांत गुंडा नावाचा एकजण होता. थोराड शेतकरी, तीन पोरांचा बाप. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझी पोरं का न्हाईत?"

मी त्याच्या तोंडाकडं बघून सांगितलं. त्याचं घर वाडीच्या वरच्या अंगाला, तिथं एकही आजारी नाही. ज्या पोरांना टोचलं ती आजाऱ्यांच्या अंथरुणाला खेटून झोपतात.

"आन् उद्या माझ्या घरात शिरला म्हंजी?"

"शिरू शकतो. तसं झालं तर माझा हिशोब चुकला म्हणायचा, आणि तो माझाच असेल. देवाचा नाही."

"मला पटलं न्हाई," तो म्हणाला. आणि वळून, विहिरीत औषध ढवळणाऱ्या माणसाच्या हातातला बांबू घेऊन स्वतः ढवळू लागला.

त्यानंतर वाडीत आणखी तीन माणसं गेली आणि बाराव्या दिवशी पटकी थांबली. गुंडाची पोरं वाचली. ती निव्वळ माझ्या हिशोबामुळं वाचली असं मी म्हणणार नाही.

वाचकांनो, मला एवढंच सांगायचं आहे. अवघड निवड समोर आली की आपण सगळेच कुणीतरी पाकळी लावणारा शोधतो. कारण पाकळीला 'का' असं विचारता येत नाही, आणि नाही म्हणणाऱ्याचं तोंड दिसत नाही. म्हणून तर ती इतकी सोयीची वाटते. पण जिथं 'का' विचारता येत नाही, तिथं कुणाचाही जीव सोपवू नका. निवाडा माणसानं करावा, चारचौघांत करावा, कारण सांगून करावा. आणि तो तुम्हाला पटला नाही, तर त्या गुंडा शेतकऱ्यासारखं समोर उभं राहून विचारावं.